काचेवर पाणी येतं कुठून?

परवा कारंज्याला जायला एसटीत बसले, तर ड्रायव्हरच्या पाठीमागचीच जागा मिळाली. थंडी अशी की झाडून सगळी माणसं कान बांधून बसलेली. कामरगाव सुटलं न सुटलं तोच पुढची काच आतून पांढुरकी व्हायला लागली. ड्रायव्हरनं वर्तमानपत्राचा बोळा करून ती पुसली. जरा वेळानं पुन्हा तेच. पुन्हा पुसली. मग मात्र तो वैतागला. "काय बाप्पा! पाऊस नाई, पानी नाई, आन् हे काच काहून वली होऊन राह्यली?"

माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसते का! "भाऊ," मी म्हटलं, "थे पानी भायेरचं नाई. आपल्या साऱ्याइच्या श्वासाचं हाय." त्यानं आरशातून माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि पुन्हा बोळा हाती घेतला. माझ्या शेजारची बाई थोडी सरकून बसली.

बसेना का! ही थंडी आली, कापसाचा दुसरा वेचा सुरू झाला, तूर शेंगांनी वाकायला लागली, की मला काचेवरचं पाणी दिसतं. बाहेर शेतं सरकत होती आणि मी आमच्या त्या एका हिवाळ्यात जाऊन पोचले होते. त्या हिवाळ्यात मी दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल. फक्त एका काचेवर पाणी कुठून येतं, ते शोधत बसले.

काच होती आमच्या गाडीची. आमचे हे म्हणजे सुदामराव. त्यांनी उभा जन्म काळीपिवळी जीप चालवली. कामरगाव ते कारंजा, कारंजा ते कामरगाव. पायाशी बोचकी, टपावर पोती, दाराला लटकलेली माणसं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांनीही जीप देऊन टाकली आणि कुठूनशी एका शाळेची जुनी मिनीबस घेऊन आले. मला वाटलं, आता पोरं वाहणार. तर म्हणाले, "पोरं नाई. तुले वाहीन. जो रस्ता संध्याकाई घरी परत नाई येत, थ्या रस्त्यानं."

मग त्यांनी सीटा उपटल्या, पाठीमागे लाकडी दिवाण ठोकला, एका बाजूला हातभर ओटा केला, त्यावर गॅसची छोटी शेगडी बसवली. डबे पडू नयेत म्हणून फळीला आडव्या पट्ट्या मारल्या. पुढच्या काचेखाली, जिथे पूर्वी जिपेत टेप होता तशा जागी, बुद्धाची वीतभर मूर्ती चिकटवली. मागे पेंटरकडून "जयभीम" लिहून घेतलं. थंडी सरली की सांचीवरून बुद्धगयेला जायचं, असं ठरलं. मी पोरांना नकाशात बोट ठेवून अख्खा देश दाखवला होता; स्वतः नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. त्यामुळे मला रात्री झोप येईना, इतका आनंद.

पण एवढ्या लांब जायचं तर आधी गाडीत राहून पाहायला हवं. म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही गाडी आमच्या शेतातच नेऊन उभी केली. तशीही पिकाची रात्री जागल करावीच लागते. रोही, नीलगाई हो, कळपानं येतात आणि सकाळपर्यंत हरभऱ्याची दैना करून टाकतात. बाकीचे लोक लाकडी खांबांच्या माळ्यावर झोपायचे, आम्ही गाडीत. गावात लगेच बोलणं सुरू झालं. घर असताना मास्तरीणबाई गाडीत झोपते म्हणजे पोरानं घराबाहेर काढलं असणार! आमचा पोरगा पुण्यात, त्याला ह्याचा पत्ताही नाही. मी कोणाकोणाला समजावणार? म्हटलं, म्हणा बापहो, काय म्हणायचं ते.

पहिल्या सकाळी डोळे उघडले तर समोर जगच नव्हतं. पुढची काच दुधाच्या पातेल्यासारखी पांढरी. मी बोट लावलं तर बोटाखालून एक धार सुटली आणि सरळ बुद्धाच्या डोक्यावर! ह्यांनी आधी उपरण्यानं मूर्ती पुसली, मग काच, मग माझ्याकडे पाहिलं. "रातच्याले पाऊस आल्ता का वो?" बाहेर जमीन कोरडी खडखडीत. गवतावर दव होतं तेवढंच. मला इतकी गंमत वाटली म्हणून सांगू! बंद गाडीत, बंद काचेच्या आत, इतकं पाणी आणलं कोणी?

आता मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेला शब्द म्हणजे सांद्रीभवन. फळ्यावर समुद्र काढायचा, वर बाण, ढग, खाली बाण, पाऊस. पोरं कोरसमध्ये म्हणायची, "वाफेचे पाणी होणे म्हणजे सांद्रीभवन." पेपरात हमखास यायचं. पण तो ढग माझ्या उशापासून चार हातांवर, माझ्याच गाडीत भरतो आणि माझ्याच डॅशबोर्डवर बरसतो, हे मला कधी सुचलं नव्हतं. समुद्र कुठे आहे, तेवढं शोधायचं राहिलं होतं.

ह्यांचा इलाज ठरलेला. ड्रायव्हर लोक पावसात काचेवर तंबाखू चोळतात, पाणी थेंब धरत नाही म्हणे. ह्यांनी आतून चोळली. सकाळी काचेवरून तपकिरी ओघळ आणि गाडीत असा वास की मला ठसका लागला. मग अर्धा बटाटा चोळून झाला, मग अंगाचा साबण. शेतात कापूस वेचायला येणारी वच्छलाबाई रोज जाता जाता काचेत डोकवायची. "काय वो बाई, रातभर रडली का तुमची गाडी?" ह्यांना ते फार लागायचं. स्वतःच्या हातानं बांधलेल्या गाडीला कोणी रडकी म्हटलेलं कोणाला आवडेल!

गंमत होती तोवर गंमत होती. मग माझी छाती वाजायला लागली. दमा मला आधीपासूनच, खडूची धूळ खाल्लेली छाती ती. पण घरात महिनोन्महिने गप्प असायची. गाडीत झोपायला लागल्यापासून पहाटे पहाटे शिट्टी सुरू व्हायची, आणि उठून बसल्याशिवाय श्वास पुरा होत नसे. कारंज्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली, फवारा लिहून दिला आणि सांगितलं, "मॅडम, ओलीत झोपू नका. अंगाला ओल, भिंतीला ओल, काही नको." एवढंच ते म्हणाले. परत येताना शेताच्या बांधावर गाडी दिसायला लागली तेव्हा हे म्हणाले, "इकून टाकू."

"काय इकून टाकता?"

"गाडी. कारंज्याचा गजूभाऊ कवाचा मांगून राह्यला. नाश्त्याचं दुकान टाकतो म्हनते तिच्यात."

मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, "इतल्या हौसेनं घर बांधलं, आन् माह्या छातीपायी इकता?"

"घर काय, पुन्ना बांधता येते," ते म्हणाले. "तू कुठून आनू?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला इतकं उघड काही म्हटलं नव्हतं. मला रडूही आलं आणि रागही. म्हणजे हे माझ्यासाठी गाडी विकणार, आणि मी काय करायचं? गजूभाऊच्या दुकानात बसून पोहे खायचे? मी सांगितलं, "गजूभाऊ कवा येते थे मले सांगा. तवरिक मी पाहते, हे पानी येते कुठून." शनिवारी येणार होता.

आणि मग मी पाण्याच्या मागे लागले. खोटं कशाला सांगू, छाती वाजत असूनही मला मजा येत होती. इतकी वर्षं उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असं शिकवलं. पहिल्यांदाच प्रश्न हातात होता आणि उत्तर माहीत नव्हतं. स्टीलचा थंड चमचा तोंडासमोर धरला, हाः केलं, धुकं. तेवढं तर पोरालाही माहीत असतं. मग चहाचं आधण, भाताची वाफ, ते दिसतंच. पण एकदा पातेलं उतरवलं, गॅस तसाच चालू राहिला, आणि माझ्या हातात बाहेरून आणलेलं गार झाकण होतं. सहज ज्योतीच्या वर धरलं तर झाकण क्षणभर धुरकटलं! पुसलं, गार केलं, पुन्हा धरलं. पुन्हा तेच. आगीतून पाणी! मी एकटीच मोठ्यानं हसले. ह्यांना हाक मारून दाखवलं, तर म्हणाले, "आता इस्तवातूनही पानी काढशीन तू."

काढलंच की! गॅस जळतानाही वाफ सुटते म्हटल्यावर चूल बाहेर बाभळीखाली मांडली. चहा, भात, अंघोळीचं पाणी, सगळं बाहेर. ओला टॉवेल, धुतलेलं लुगडं, भिजत घातलेली डाळसुद्धा गाडीबाहेर. काचेवरचं पाणी कमी झालं. धारा थांबल्या, नुसते थेंब राहिले.

मग माझी हुशारी आडवी आली. काचेला थंडी लागते म्हणून वाफ तिथे बसते ना? मग आतून जाड पडदा शिवला आणि काच झाकून टाकली. सकाळी मोठ्या दिमाखात पडदा सरकवला तर मागे पूर आलेला. हवा पडद्याच्या कडेनं शिरत होतीच, आणि पडद्यामागची काच बिचारी जास्तच गारठली होती. हे पोट धरून हसले. "पांघरून काचेले पाह्यजे होतं, तू सोताले घातलं." ते चेष्टेत म्हणाले, पण मला पटलं. त्या दिवसापासून जुनी गोधडी काचेवर बाहेरून टाकायची, तिच्यावर दव खायला ताडपत्री, आणि दोन्ही दोरीनं आरशांना बांधायच्या. सकाळी गोधडी काढली तर काच बरीच मोकळी! मधून हरभऱ्याचं शेत दिसलं, पलीकडची कापसाची पऱ्हाटी दिसली. वच्छलाबाई म्हणाली, "आज हासली वो गाडी."

एसटीतल्या त्या ड्रायव्हरला मी हे सगळं सांगायला हवं होतं का? नकोच. त्यानं मधल्या थांब्यावर उतरवलं असतं मला. माणसाला पाणी पुसायचा कंटाळा येत नाही, पाणी कुठून येतं विचारायचा येतो. माझंही तसंच चाललं होतं की. दुधावरचं झाकण उलटं केलं की रोज पाणी सांडायचं ओट्यावर. मी रोज ओटा पुसला आणि एकदाही विचारलं नाही. आता मात्र सवयच लागली आहे. चष्म्यावर वाफ आली तरी मी आधी बघते आणि मग पुसते.

असो. काच सुधारली, छाती काही सुधारेना. शिट्टी होतीच, उलट गाडीत एक कुबट वास वाढत चालला होता. शुक्रवार उजाडला. उद्या गजूभाऊ. दुपारी हे पऱ्हाटीतलं गवत कापायला गेले होते आणि मी दिवाणावर उभी राहून छताकडे बघत होते. छताला एक जाळीचा झरोका होता, शाळेच्या बसचाच. त्याच्या कडेला काळे ठिपके पडले होते. जाळीतून बोट घातलं तर आत काहीतरी मऊ, ओलं. ओढलं तर निघेना. उलथन्याच्या टोकानं उकरलं. बाहेर आला कापसाचा बोळा. काळा पडलेला, बुरशीनं चिकट झालेला, आणि मध्ये सरकी. दुकानातला नव्हे, आमच्याच शेतातला कापूस!

मग मी वेड्यासारखी शोधत सुटले. दाराच्या रबराची फट, बोळा. डॅशबोर्डखाली जिथून वायरी जातात ते भोक, बोळा. दिवाणाखाली तळाला एक छिद्र होतं, तिथेही बोळा, पेचकसानं ठोकून ठोकून बसवलेला. खिडक्यांच्या काचा जिथे एकमेकींवर सरकतात त्या खाचेत तर लांब वात वळून घातलेली. अख्खी गाडी कापसानं बुजवलेली. दोन माणसांचा रात्रभरचा श्वास, बाहेर जायला सुईएवढी वाट नाही. तो जाणार कुठे? काचेवर बसत होता, कापसात मुरत होता, आणि कापूस कुजून माझ्या छातीत येत होता. समुद्र सापडला. समुद्र आम्हीच होतो.

मी तो काळा बोळा हातात घेऊन तशीच पऱ्हाटीत गेले. "हे काय व्हय?"

त्यांनी पाहिलं. विळा खाली ठेवला. "तुले थंडी लागू नाई म्हनून."

"थंडी लागू नाई म्हनून मले कोंडलं? गाडी तुमी बुजवली, आन् दोष गाडीले देऊन इकून राह्यले?"

मी बरंच बोलले. जीभ माझी तिखट, सगळ्या गावाला ठाऊक. ते ऐकत राहिले आणि मग शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, खाली बसले. मला वाटलं, चिडले. पण ते बोलायला लागले, तेही माझ्याकडे न बघता.

किन्हीराजाला त्यांचं एका खोलीचं घर होतं. त्यांना मैना नावाची धाकटी बहीण होती, हे मला लग्नानंतर कधीतरी कळलं होतं. लहानपणी वारली, एवढंच. अशाच थंडीत ती खोकल्यानं आजारी पडली. रात्री हे लघवीला उठून बाहेर गेले आणि परत येऊन झोपले. सकाळी दार अर्धं उघडं होतं आणि मैना गेलेली होती. मातीला आलेल्या बायांमधली एक म्हणाली, पोट्यानं दार उघडं टाकलं, लेकराले वारा लागला. दुसरी हो म्हणाली. आई काहीच म्हणाली नाही.

"आई काईच नाई म्हनली," ते पुन्हा म्हणाले. "तवापासून मी दार लावतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात रात्री उठून दोन-दोनदा कड्या चाचपणारा माणूस. जिपेत भर उन्हाळ्यात बाईमाणसाच्या मांडीवर तान्हं लेकरू दिसलं की तिच्या बाजूचा पडदा खाली सोडणारा माणूस. मी त्याला त्यांचा स्वभाव समजत होते आणि वर थट्टाही करत होते. मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आयका. तिच्या छातीत कफ दाटला असन. गावात डॉक्टर नव्हता, दवाई नव्हती. दारानं कोनी मरत नाई. तुमी लेकरू होते." त्यांनी माझ्या हातातला बोळा घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि खिशात ठेवला.

संध्याकाळी ते पेचकस घेऊन गाडीत शिरले आणि सगळे बोळे काढले. मला हात लावू दिला नाही. बाहेर ढीग घालून पेटवले. ओला कापूस धड पेटेना, नुसता धुमसत राहिला. झरोक्याची जाळी फडक्यानं पुसली, कडेचे काळे ठिपके गरम पाण्यानं धुतले. पण हे झालं भोकांचं. हवा खेळायची तर पुढची एक खिडकी तरी बोटभर उघडी हवी, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. मी उघडली असती. माझा हात काही कोणी धरला नव्हता. पण मला ती उघडायची नव्हती. मी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडले. बराच वेळ ते पुढे ड्रायव्हरच्या जागेवर बसून होते. मग काच सरकल्याचा आवाज आला. जरासाच. मग पुन्हा जरासा. गार हवेची एक बारीक रेघ माझ्या कपाळावरून गेली आणि मी हललेसुद्धा नाही.

जागी झाले तेव्हा उजाडलं होतं. हे तिथेच बसलेले, कान उघडे, डोळे लाल. पुढची काच कोरडी होती. पण ते काचेकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"रातभर आयकत होतो," ते म्हणाले. "पहाटीही नाई वाजली तुही छाती."

मी खोल श्वास घेऊन दाखवला. त्यांनी मान हलवली, आणखी एक घे म्हणून. मी आणखी एक घेतला. मग तो माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. मी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिले.

गजूभाऊची मोटारसायकल लांबूनच दिसली. हे म्हणाले, "तूच सांग त्याले. मले नाई म्हनता येत नाई." म्हणून मी शाल गुंडाळून धुऱ्यापर्यंत गेले आणि सांगितलं, गाडी द्यायची नाही. बिचारा कारंज्याहून थंडीत आलेला. त्याला काही समजेना. "अवो बाई, सुदामभाऊ तं देतोच म्हने. एका रातीत असं झालं तरी काय?"

"काल त्याइनं खिडकी उघडली," मी म्हटलं.